पन्नास हजार व्होल्टखालची हजेरी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. आयुष्यभर विजेच्या इंजिनांची कामं केली आणि आयुष्यभर त्यांना घाबरलो. घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी मी आधी बेसमेंटमध्ये जाऊन मेन स्विच बंद करतो. सगळं घर अंधारात बसतं. मुलं लहानपणी वैतागून म्हणायची, "डॅड, इट्स जस्ट अ बल्ब." माझी बायको रूथ त्यांना समजावायची, "असू दे रे. त्यांना पगार त्या भीतीचाच मिळतो." थट्टेत म्हणायची, पण ते खरंच होतं.

आम्ही मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आजोबांच्या वेळी घाणा सुटला आणि रेल्वे लागली. मीही खानदेशातल्या एका लोको शेडमध्ये विजेच्या इंजिनांवर चिकटलो. पंचवीस हजार व्होल्टची तार तेव्हा आमच्याकडे नवी होती. नव्या वस्तूचं आधी कौतुक होतं, धाक मागाहून येतो. काशिनाथ नावाचा आमचा एक खलाशी, शेडमधला मदतनीस, तार बंद आहे असं ऐकून इंजिनाच्या टपावर चढला. तो तारेला शिवलासुद्धा नाही. वाकून काम करत होता, कुणीतरी हाक मारली म्हणून नुसता उठून उभा राहिला; एवढ्या व्होल्टची वीज जवळ गेलं तरी माणसावर झेपावते. मी खाली होतो. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून "बंद आहे" या दोन शब्दांवरचा माझा विश्वास उडाला, तो आजतागायत परत आलेला नाही.

साठचं दशक संपता संपता कॅनडात आलो. मिसिसागात बिऱ्हाड थाटलं आणि जवळच्या एका कारखान्यात विजेची पॅनेलं जोडायला लागलो. काम उबदार, सुरक्षित आणि अळणी. या देशात रेल्वे म्हणजे डिझेल. विजेचं इंजिन औषधाला सापडायचं नाही. माझी जुनी विद्या ट्रंकेच्या तळाशी पडली होती आणि खरं सांगायचं तर ती तिथे आहे याचं मला बरंच वाटायचं. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य कोपऱ्यात, रॉकी पर्वतांच्या अंगाला, कोळशाच्या खाणींसाठी नवी लाईन टाकायचं निघालं. ती विजेवर चालणार होती, आणि अशा इंजिनांना हात लावलेली माणसं त्यांना मिळत नव्हती. एका ओळखीच्याने मला कळवलं.

"अहो, तुम्हाला टोस्टरची भीती वाटते," रूथ म्हणाली. "कशाला अप्लाय करताय?"

"इथे मी कुणाच्या उपयोगाचा नाही," मी म्हणालो. मुलांच्या शाळा होत्या म्हणून ती मिसिसागातच राहिली आणि मी एकटा उत्तरेकडे गेलो.

विजेचं इंजिनच का, हे मला अनेकांनी विचारलं आहे. ती लाईन डोंगर पोखरून काढलेली. बोगदे इतके लांब की एका तोंडाला उभं राहिलं तर दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसायचा नाही. कोळशाची लांबलचक गाडी ओढणारी डिझेल इंजिनं अशा बोगद्यात शिरली की धुराने माणसंही गुदमरतात आणि इंजिनंही. म्हणून वीज. जंगलात जागोजागी वीजकेंद्रं बांधणं परवडणारं नव्हतं, तेव्हा थोड्याच ठिकाणांहून दूरवर वीज पोचवायला तारेत व्होल्ट वाढवले: पन्नास हजार. खानदेशातल्या तारेच्या दुप्पट. पहिल्या दिवशी ती तार खालून बघताना मला घाम फुटला, आणि बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी होती.

इंजिनं मोजकीच होती, दोन हातांच्या बोटांवर मोजून बोटं उरतील एवढी. सांगाडा इथल्या डिझेल इंजिनांच्याच घाटाचा, बर्फाशी टक्कर द्यायला रुंद नाकाचा; पोटातली विद्या स्वीडनची. सहा आस आणि प्रत्येक आसाला स्वतःची मोटर. आमच्या जुन्या इंजिनांना वेग द्यायचा म्हणजे पायऱ्या चढल्यासारखं एकेक टप्पा चढायचा, आणि दर टप्प्याला गाडीला हिसका. या इंजिनांत थायरिस्टर नावाचे झटपट उघडमीट करणारे स्विच होते. ते विजेची धार हवी तेवढी बारीक-मोठी करायचे. डोक्यावरची भरली घागर न हिंदकळू देता बाई उठते तशी ती इंजिनं कोळशाची गाडी उचलायची. बर्फात एखादं चाक घसरू लागलं तर ड्रायव्हरला कळायच्या आत तिथली ताकद कमी व्हायची. मला ती इंजिनं फार आवडायची. भीती वाटायची आणि आवडायची. दोन्ही एकदम होऊ शकतं, लग्न झालेल्यांना हे सांगायला नको.

त्यातही मला सर्वांत प्रिय होती एक किल्ली. टपावर जाण्याची शिडी कुलपात असायची. तारेला टेकणारा वरचा लोखंडी हात, ज्याला पॅंटोग्राफ म्हणतात, तो खाली आणून टपाचं अर्थिंग केल्याशिवाय त्या कुलपाची किल्ली जागची सुटायचीच नाही. ज्याने हे योजलं तो माणूस माझ्याच जातकुळीतला भित्रा असणार. पण ही किल्ली शेडमध्ये कामाची. बाहेर लाईनवर, मोडलेला पॅंटोग्राफ वरच अडकून बसला, की किल्ली सुटत नाही आणि वेगळी शिडी लावून चढावं लागतं. तिथे तुमचं रक्षण माणसांनी पाळलेल्या रीतीवर. रीत अशी: कंट्रोलने, म्हणजे दूरच्या नियंत्रण कक्षाने, वीज बंद करायची. मग लाईनमनने लांब काठीने तार तपासायची आणि कामाच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड केबल तारेवरून रुळापर्यंत लटकवायची. चुकून वीज आली तरी ती केबलमधून जमिनीत जाते. टपावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं कुलूप केबल रुळाला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पला लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. खाली आलं की कुलूप काढायचं. सगळी कुलपं निघाली की केबली काढायच्या, कंट्रोलला "क्लिअर" सांगायचं आणि मग तारेत वीज येते.

या रीतीत मी माझ्याकडून एक भर घातली होती. "क्लिअर" म्हणण्याआधी मी हजेरी घ्यायचो. शाळेतल्यासारखी, नाव पुकारून. ज्याचं नाव घेतलं त्याने समोर यायचं आणि मी त्याच्या तोंडावर बॅटरी मारून बघायचो. गोऱ्या लोकांना ही माझी गंमत वाटे. पण मी तिथला फोरमन होतो, त्यामुळे हसत का होईना, यायचे.

सर्वांत जास्त हसायचा सुरजितसिंग. माझा मेकॅनिक, व्हँकुव्हरजवळच्या सरेचा. धिप्पाड, गोड गळ्याचा, आणि भीती नावाची वस्तू देवाने त्याला द्यायची विसरलेली. टपावर तो घराच्या अंगणात फिरल्यासारखा फिरायचा. मला तो मास्टरजी म्हणायचा. हजेरीला ताठ उभा राहून सलाम ठोकायचा, "हाजिर, मास्टरजी!" आमचा लाईनमन बिल, निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. तोही ते ऐकून ऐकून शिकला आणि कधीकधी "हिअर"ऐवजी "हाजिर" म्हणायला लागला.

"मास्टरजी, इतना डर के जीना भी कोई जीना है?" सुरजित एकदा डबा खाताना म्हणाला.

"डर के जी तो रहा हूँ," मी म्हणालो. "तू थोडा डर जा, तो मैं चैन से सोऊँ."

"मेरे हिस्से का आप डर लो," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातली अर्धी पुरी त्याने उचलली.

त्या हिवाळ्यात एका दुपारी भरलेली गाडी बोगद्यात अडकल्याची खबर आली. बोगद्याच्या तोंडाजवळ झिरपणारं पाणी गोठून छताला माणसाएवढे बर्फाचे सुळे लोंबतात. त्यातल्या एकाने पुढच्या इंजिनाचा पॅंटोग्राफ मोडला होता. तार शाबूत होती. मोडका हात टपावर पट्ट्यांनी बांधून टाकायचा आणि जोडीतल्या मागच्या इंजिनावर गाडी बाहेर काढायची, एवढंच काम. रुळांवर चालणाऱ्या आमच्या ट्रकमधून मी, सुरजित आणि बिल आत गेलो. ट्रक चालूच ठेवावा लागायचा, बंद केला तर थंडीत पुन्हा सुरू होईल याची खात्री नसायची. त्याची घरघर बोगद्यात भरून राहिली होती.

बिलने तार तपासली, दोन्ही बाजूंना केबली लटकवल्या. आम्ही कुलपं लावली. ट्रकवरची शिडी इंजिनाला टेकवून मी आणि सुरजित वर चढलो. माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर ती तार होती, आणि तिच्यात काही नाही हे माहीत असूनही माझी मान वर होत नव्हती. मी मनातल्या मनात आमच्या पैगंबराचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेत होतो. आमच्या कोकणात समजूत आहे की अलिबागजवळच्या खंडाळ्याहून तो अग्निरथात बसून स्वर्गात गेला आणि रथाच्या खुणा खडकावर राहिल्या. मला एवढंच हवं होतं की माझा रथ त्याने जमिनीवरच ठेवावा.

काम झालं. आम्ही उतरलो, आपापली कुलपं काढली. सुरजित हातावर फुंकर मारत इंजिनाच्या केबिनमध्ये ड्रायव्हरजवळ ऊब घ्यायला गेला. बिल पलीकडची केबल काढून माझ्याकडे परत आला आणि अलीकडच्या, शेवटच्या केबलपाशी काठी घेऊन उभा राहिला. मी रेडिओ उचलला.

"बेन, आर यू क्लिअर?" कंट्रोलवरच्या माणसाचा आवाज थकलेला होता. "माझ्याकडे दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या आहेत."

मी हजेरी सुरू केली. "बिल?"

"हिअर."

"सुरजित?"

ट्रकची घरघर. मग अंधारातून आवाज आला, "हाजिर."

मी बॅटरी फिरवली. उजेडात आला तो बिलचा चेहरा. तो हसत होता.

"ही इज इन द कॅब, बेन," तो म्हणाला. "मी त्याला चढताना बघितलं. बिचारा गारठलाय, म्हणून त्याच्या वतीने मीच बोललो. चल, घरी जाऊ या." आणि त्याने काठी केबलच्या आकड्याला लावली.

बिलचं काही चुकत नव्हतं. त्याने जे बघितलं तेच सांगितलं. कुलपं निघाली होती, माणसं खाली होती, रीत पुरी झाली होती. कंट्रोल पुन्हा विचारत होता. मला स्वतःचीच लाज वाटत होती, की बिलसारखा म्हातारा माणूस थंडीत कुडकुडतोय आणि मी शाळामास्तरकी करतोय. पण सुरजितचं तोंड दिसलं नव्हतं.

"काठी खाली ठेव," मी बिलला म्हणालो. "त्याचं तोंड दाखव."

बिलने सुस्कारा सोडला, काठी भिंतीला टेकवली आणि जाऊन केबिनचं दार ठोठावलं. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "सुरजित? तो आत्ताच उतरला की. दुसऱ्या बाजूच्या दाराने."

मी बॅटरी वर मारली.

सुरजितचे बूट दिसले. तो टपावर होता. केबिनच्या काचेतून त्याला पट्टीचं एक टोक वरून लोंबताना दिसलं होतं. एका मिनिटाचं काम, म्हणून तो पलीकडे अजून टेकून असलेल्या शिडीने परत वर गेला होता. कानावरून टोपी, टोपीवरून हूड, खाली ट्रकची घरघर. माझी हाक त्याला ऐकूच गेली नव्हती. आमच्याकडे पाठ करून, वाकून, तो गाठ मारत होता. त्याचं कुलूप त्याच्या खिशात होतं. आणि त्याच्या पाठीच्या वर तार होती.

बिलने तोंड उघडलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या क्षणी मला सुरजित दिसत नव्हता, काशिनाथ दिसत होता. हाक मारली की माणूस उठून उभा राहतो. तारेत वीज नव्हती, केबल अजून जागेवर होती, हे सगळं मला कळत होतं. पण भीतीला कळण्याशी देणंघेणं नसतं. मी गुडघ्यांवर बसलो, माझं कुलूप पुन्हा क्लॅम्पला लावलं आणि तो क्लॅम्प दोन्ही हातांनी धरून बसलो, जणू कुणी तो माझ्याकडून हिसकावून घेणार होतं.

"बेन, क्लिअर का?"

"नॉट क्लिअर," मी म्हणालो. मग रेडिओचं बटण दाबून पुन्हा म्हणालो, "नॉट क्लिअर."

सुरजित शीळ वाजवत खाली आला. रुळावर बसलेला मी, शेजारी डोकं धरून बसलेला बिल, हे बघून तो थांबला. "क्या हुआ, मास्टरजी?" त्याने क्लॅम्पकडे बघितलं. तिथे एकच कुलूप होतं, माझं. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याने बिलच्या काठीकडे बघितलं. मी त्याच्या तोंडावर बॅटरी मारली. या खेपेला त्याने सलाम केला नाही.

त्या संध्याकाळी मी रूथला फोन केला. म्हणालो, "मलिदा बोल." ती म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना? टेल मी द ट्रुथ." मी म्हणालो, "सगळे ठीक आहेत, म्हणूनच बोल." नवस फेडताना आम्ही एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, ओलं खोबरं आणि साखर कालवतो, फळं ठेवतो, प्रार्थना म्हणून वाटतो. तोच मलिदा.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट. पुढच्या आठवड्यात शेडमध्ये, अर्थिंग केलेल्या इंजिनापाशी, सुरजित शिडीवर एक पाय ठेवून उभा राहिला आणि त्याला दुसरा उचलता येईना. मला वाटलं, पाठ धरली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्टरजी, आप रोज़ ऐसे ही चढ़ते थे?" मी म्हणालो, "रोज़." तो म्हणाला, "मुझसे नहीं होगा." मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की सगळे माझ्यासारखे घाबरले तर सगळे जगतील. पण माझी भीती जुनी होती, तिला घेऊन चढायची मला सवय होती. त्याच्यावर ती एका दिवसात येऊन पडली. वसंतात बर्फ वितळायच्या आत तो नोकरी सोडून सरेला भावाच्या फर्निचरच्या दुकानात गेला. माणूस जिवंत होता, मला आनंदच व्हायला हवा होता. मला फार वाईट वाटलं.

त्या उन्हाळ्यात रूथ आणि मुलं व्हँकुव्हर बघायला आली, तेव्हा मलिदा सुरजितच्याच घरी झाला. तसा त्याचाच हट्ट होता. प्रार्थनेला आमच्यात दहा ज्यू पुरुष लागतात, ते तिथे मिळणं शक्य नव्हतं. रूथ म्हणाली, "एलियाहू हन्नाबी डोकी मोजत बसत नाही. मोजायचं काम तुमचं." पोहे पंजाबी ग्रोसरीतून आले. सुरजितच्या बायकोने, हरप्रीतने, डोक्यावर ओढणी घेऊन सगळं नीट ऐकून घेतलं. त्या दुपारी बोगद्यात काय झालं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी प्रार्थना म्हणत असताना सुरजितने डोळे मिटले होते.

वाटून झाल्यावर हरप्रीत स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाईसाहब, आप ही इनको बोलिए. महीने से बल्ब गया हुआ है. सीढ़ी लाकर रखी है, चढ़ते ही नहीं. इतना बड़ा आदमी."

सुरजित उठला. नवा बल्ब घेऊन शिडीपाशी गेला, तिच्यावर हात ठेवला आणि उभा राहिला. माझा मुलगा हसून काही बोलणार होता, रूथने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

मी बेसमेंटमध्ये गेलो आणि मेन स्विच बंद केला. वर येऊन त्याच्या हातातून बल्ब घेतला आणि शिडी चढलो. जुना बल्ब काढला, नवा फिरवून बसवला. खाली सुरजितने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, मी तो क्लॅम्प धरला होता तशी.

"मास्टरजी?" तो खालून म्हणाला.

"हाजिर," मी म्हणालो.

"मुँह दिखाओ."

मी शिडीवरून वाकलो आणि खिडकीच्या उजेडात त्याला तोंड दाखवलं. त्याने ते नीट बघून घेतलं, आणि मी दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत शिडी सोडली नाही.